धूर दिसला म्हणून अग्नी? टॅग, प्रतिपिंड आणि पुराव्याची शिस्त

जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेतला एक समज इतका रुळला आहे की तो समज आहे हेही कुणाला जाणवत नाही. प्रथिनाला टॅग जोडलेला आहे, तो टॅग ओळखणारे मोनोक्लोनल प्रतिपिंड बाजारात तयार मिळते आणि त्या प्रतिपिंडाला रंग किंवा प्रकाश देणारे लेबल कारखान्यातच चिकटवलेले असते. मग विचार करायचा उरतोच कुठे? चमक दिसली की प्रथिन आहे, नाही दिसली की नाही. हे मत सोयीचे आहे आणि पुष्कळ वेळा खरेही ठरते, म्हणूनच त्याचा उथळपणा लपून राहतो. माझे म्हणणे असे की, लेबल लावलेले प्रतिपिंड आपल्याला प्रथिन दाखवत नाही, ते एका अनुमानाला आधार पुरवते. त्या अनुमानाला चार पावले आहेत, आणि प्रत्येक पाऊल वेगळे तपासल्याखेरीज ‘प्रथिन सापडले’ असे म्हणण्याचा अधिकार मिळत नाही. निदानाच्या आणि औषधांच्या क्षेत्रात ही शिस्त आपण कायद्याने स्वीकारली आहे. नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये त्यासाठी एक राष्ट्रीय संस्था उभी आहे. संशोधनात मात्र तीच शिस्त आपण ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडतो. ही तफावत फार काळ परवडणारी नाही.

१. सोय कुठून आली

या समजाची मुळे एका खऱ्या यशात आहेत. प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून सूक्ष्मदर्शकाखाली लक्ष्य शोधण्याची कल्पना अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये प्रत्यक्षात आणली. १९७५ मध्ये जॉर्जेस कोहलर आणि सेसार मिल्स्टीन यांनी केंब्रिजमध्ये प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्कपेशी यांचा संकर, म्हणजे हायब्रिडोमा, घडवला. त्यातून एकाच वंशाच्या पेशींपासून एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके मिळू लागले, आणि १९८४ मध्ये त्यांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल मिळाले. तरीही एक अडचण उरली. जनुके भराभर हाती येत होती, पण प्रत्येक नव्या प्रथिनासाठी नवे प्रतिपिंड बनवायला महिनोन्महिने लागत. शॉन मन्रो आणि ह्यू पेलहॅम यांनी १९८४ मध्ये हा प्रश्न उलटा केला. प्रत्येक प्रथिनासाठी प्रतिपिंड शोधण्याऐवजी ज्याचे प्रतिपिंड आधीच हाताशी आहे असा छोटा पेप्टाइड त्यांनी जनुकाच्या पातळीवर प्रथिनालाच जोडला. पुढे इन्फ्लुएन्झा विषाणूच्या हिमॅग्लुटिनिनमधला नऊ अमिनो आम्लांचा ‘एचए’, मानवी सी-मिक प्रथिनातला दहा अमिनो आम्लांचा ‘मिक’ आणि मुद्दाम रचलेला आठ अमिनो आम्लांचा ‘फ्लॅग’ हे टॅग घरोघरी, म्हणजे प्रयोगशाळेप्रयोगशाळेत, पोचले. एकच कुपी शंभर प्रथिनांना पुरू लागली. ही सोय मोठी आहे आणि ती मला नाकारायची नाही. पण सोयीने प्रश्न सुटला असे आपण धरून चाललो, तिथे चूक झाली. ओळखीचा प्रश्न संपला नाही, त्याची जागा तेवढी बदलली.

२. अनुमानाची चार पावले

आपल्या न्यायदर्शनाने अनुमानाचे जे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या घोटले, ते इथे नेमके लागू पडते. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे अग्नी आहे असे आपण ठरवतो. नैयायिक एवढ्यावर थांबत नाही. तो दोन दाखले मागतो. जिथे अग्नी असल्याची खात्री आहे तिथे, म्हणजे स्वयंपाकघरात, धूर दिसतो का? हा सपक्ष. जिथे अग्नी नसल्याची खात्री आहे तिथे, म्हणजे तळ्यावर, धूर दिसत नाही ना? हा विपक्ष. विपक्षातही खूण आढळली तर तो हेतू सव्यभिचार ठरतो आणि अनुमान कोसळते. प्रयोगशाळेत ज्यांना आपण पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल म्हणतो ते हेच दोन दाखले आहेत. आणखी एक बारकावाही या परंपरेने हेरला होता. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. म्हणून धुरावरून अग्नीचे अनुमान होते, धुराच्या अभावावरून अग्नीच्या अभावाचे होत नाही.

आता ब्लॉटकडे, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करून पटलावर उतरवलेल्या चित्राकडे, आणि त्यावरच्या चमकणाऱ्या बँडकडे पाहू. पहिले पाऊल: चमक आहे, म्हणजे तिथे माझे लेबल लावलेले प्रतिपिंड आहे. दुसरे: प्रतिपिंड आहे, म्हणजे टॅग आहे. तिसरे: टॅग आहे, म्हणजे माझे प्रथिन अखंड आहे. चौथे: टॅग लावलेले प्रथिन इथे आहे, म्हणजे पेशीतले मूळ प्रथिनही इथेच असते आणि असेच वागते. प्रचलित मत ही चार पावले एका उडीत पार करते. समजा प्रत्येक पाऊल शंभरात नव्वद वेळा बरोबर पडते आणि चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत. तरी चारही पावले एकदम बरोबर पडण्याची शक्यता सुमारे ६६ टक्केच उरते. आकडा उदाहरणादाखल आहे, पण गणित खरे आहे. साखळी जितकी लांब, तितका प्रत्येक कडीचा हिशेब काटेकोर हवा.

३. पहिले पाऊल: लेबलाची साक्ष

लेबल मुका साक्षीदार नसते, त्याला स्वतःचे स्वभावधर्म असतात. सर्वांत जास्त वापरले जाणारे लेबल म्हणजे हॉर्सरॅडिश या मुळापासून मिळणारे पेरॉक्सिडेज हे विकर, रोजच्या भाषेत ‘एचआरपी’. पण पेरॉक्सिडेजसारखी क्रिया करणारे घटक रक्तपेशींत आणि ऊतींत मुळातच असतात. ती क्रिया आधी थांबवली नाही तर ऊतीच्या कापावर प्रतिपिंड न घालताही रंग उमटतो. उलट दिशेनेही फसगत होते. जंतू वाढू नयेत म्हणून द्रावणात सर्रास घातले जाणारे सोडियम ॲझाइड हेच एचआरपीला निकामी करते, आणि मग प्रथिन असूनही ब्लॉट कोरा राहतो. बायोटिनवर आधारलेल्या पद्धतीत यकृत आणि मूत्रपिंडातले नैसर्गिक बायोटिन घोळ घालते. फ्लुओरेसीनसारखे रंग प्रतिपिंडातल्या लायसिनांना चिकटवले जातात. रंगाचे रेणू प्रमाणाबाहेर चढवले तर ते एकमेकांची चमक विझवतात, आणि टॅग पकडणाऱ्या जागेतच लायसिन असेल तर पकडही सैल होते. शिवाय प्रकाश देणाऱ्या अभिक्रियेला कमाल मर्यादा असते. बँड एकदा पुरता काळा झाला की दुप्पट प्रथिन ओतले तरी तो दुप्पट काळा होत नाही. तरीही काळेपणाची तुलना करून ‘वाढले’ आणि ‘घटले’ असे निष्कर्ष काढले जातात.

लेबल थेट पहिल्याच प्रतिपिंडावर असण्याचा एक फायदा मात्र नीट समजून घ्यावा. उंदराच्या प्रतिपिंडाने प्रथिन ओढून काढायचे आणि ब्लॉटवर पुन्हा उंदराचेच प्रतिपिंड वापरून, उंदराच्या प्रतिपिंडांना ओळखणाऱ्या दुसऱ्या प्रतिपिंडाने ते उजळायचे, तर ओढण्यासाठी वापरलेल्या प्रतिपिंडाच्या जड आणि हलक्या साखळ्याही सुमारे ५० आणि २५ किलोडाल्टनवर उजळतात. आपले प्रथिन त्याच आकाराचे असेल तर साक्षीदारालाच आरोपी समजण्याचा प्रसंग येतो. थेट लेबल लावलेले प्रतिपिंड हा दुसरा थर गाळते आणि हा घोटाळा टाळते. थेट लेबल निवडण्याचे खरे कारण हे आहे, तासभर वाचतो हे नाही. आणि ते कारण ज्याला ठाऊक नाही, त्याला उरलेले धोकेही दिसत नाहीत.

४. दुसरे पाऊल: प्रतिपिंड आणि टॅग

टॅगचे प्रतिपिंड फक्त टॅगच पकडते, हे गृहीतक विपक्षाकडे न पाहता केलेले आहे. ‘९ई१०’ हे मिक टॅगचे प्रसिद्ध प्रतिपिंड मानवी सी-मिक प्रथिनाच्या तुकड्याविरुद्धच तयार झाले. साहजिकच मानवी पेशींत ते त्या पेशींचे स्वतःचे सी-मिकही ओळखते, आणि कर्कपेशींत हे प्रथिन अनेकदा भरपूर असते. म्हणजे ज्या पेशी प्रयोगाला सर्वांत सोयीच्या, त्याच इथे तळ्यावरच्या धुरासारख्या फसव्या. सहा हिस्टिडिनांच्या टॅगचेही तसेच आहे. हिस्टिडिनांची सलग रांग असलेली प्रथिने निसर्गात आहेत, आणि टॅगच्या प्रतिपिंडाला ती रांग मानवाने जोडलेली आहे की मूळची, हे कळायचा मार्ग नाही. प्रतिपिंड आकार ओळखते, आपला हेतू ओळखत नाही.

५. तिसरे आणि चौथे पाऊल: टॅग, प्रथिन आणि निसर्ग

समजा प्रतिपिंडाने टॅग अचूक पकडला. तो टॅग आता कशाला जोडलेला आहे? प्रथिन पेशीत कापले जाते, तुटते, अर्धवट बनते. टॅग सुरुवातीच्या टोकाला असेल तर अर्धवट बनलेला तुकडाही टॅगसह उजळतो. स्रवणाऱ्या प्रथिनांत संदेश देणारा सुरुवातीचा भाग पेशी कापून टाकते, आणि टॅग त्याच्याही आधी जोडलेला असेल तर तो त्या भागाबरोबरच जातो. सूक्ष्मदर्शकाखाली तर आकाराचीही माहिती नसते. दिसणारा ठिपका अखंड प्रथिनाचा की सुट्या पडलेल्या टॅगचा, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या प्रत्येक चित्रामागे त्याच पेशींचा ब्लॉट असावा, ही मागणी कोरडी शिस्तप्रियता नाही. तिसऱ्या पावलाला दुसरा आधारच नाही.

तापलेल्या लोहगोलाचा दाखला इथे सर्वांत उपयोगी पडतो, कारण टॅग असूनही न दिसण्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. पेशी आत्मनाशाच्या मार्गाला लागली की तिच्यातली कॅस्पेज ही विकरे एचए टॅगच्या आतच काप घेतात आणि प्रतिपिंडाला तो ओळखता येईनासा होतो. हे निरीक्षण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. आता पेशींच्या मृत्यूचाच अभ्यास करणाऱ्याची अवस्था पाहा. त्याला दिसते की औषध दिल्यावर प्रथिन नाहीसे झाले. प्रत्यक्षात प्रथिन जागेवर असते, हरवलेला असतो टॅग. कीटकांच्या पेशींत बनवलेल्या प्रथिनांच्या फ्लॅग टॅगमधल्या टायरोसिनवर सल्फेटचा गट चढतो आणि नेहमीच्या प्रतिपिंडाची पकड ढिली होते, हेही २०१२ पासून माहीत आहे. अशा वेळी ‘नाही दिसले म्हणून नाही’ हे विधान तर्काच्या प्राथमिक नियमालाच सोडून जाते.

चौथे पाऊल बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. टॅग लावलेले जनुक बहुधा जोरकस प्रवर्तकाखाली, नेहमीच्या कितीतरी पट प्रमाणात चालवले जाते. गर्दी झालेले प्रथिन भलत्या जागी साठते, भलत्यांशी चिकटते. टॅगने प्रथिनाचे एखादे कामाचे टोक झाकले तर ते दिसते, पण काम करत नाही. अशा प्रथिनाचे सुंदर चित्र हे त्याच्या मूळ रूपाचे चित्र म्हणून छापले जाते. या पावलाची कसोटी चित्रात सापडत नाही. जनुक काढून टाकलेल्या पेशीत टॅग लावलेले प्रथिन घातल्यावर हरवलेले काम परत येते का, हे पाहावे लागते.

६. सेक्टर ६२ चा धडा

नोएडाच्या सेक्टर ६२ मधले राष्ट्रीय जैविक संस्थान, म्हणजे ‘एनआयबी’, हे १९९२ मध्ये स्थापन झालेले, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाखालचे स्वायत्त संस्थान आहे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या निदान किट्सपासून रक्तजन्य उत्पादने आणि उपचारासाठीच्या मोनोक्लोनल प्रतिपिंडांपर्यंतच्या जैविक उत्पादनांची गुणवत्ता तिथे तपासली जाते. एचआयव्हीच्या एलायझा किटचे हृदय म्हणजे लेबल लावलेला अभिकर्मक आणि त्याने उमटवलेला रंग. संशोधकाच्या ब्लॉटमध्ये चालते तेच तत्त्व तिथेही चालते. पण तिथे ‘रंग आला म्हणजे विषाणू आहे’ असे कोणी मानून चालत नाही. ज्यांच्यात संसर्ग असल्याची खात्री आहे आणि ज्यांच्यात नसल्याची खात्री आहे, अशा रक्तद्रवांच्या संचावर किट चालवून पाहतात आणि संवेदनशीलता व विशिष्टता हे दोन वेगळे आकडे मागतात. सपक्ष आणि विपक्ष इथे सरकारी कागदावर उतरले आहेत. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी या संसर्गांच्या किट्सना सर्वाधिक जोखमीच्या वर्गात ठेवले. ही शिस्त ढिली पडली की काय होते, हे देशाने एप्रिल २०२० मध्ये पाहिले. कोविडच्या जलद प्रतिपिंड चाचण्यांचे निकाल राज्याराज्यांत विसंगत येऊ लागले आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला त्यांचा वापर थांबवायला सांगावे लागले. पुढच्याच महिन्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने बनवलेली एलायझा चाचणी जाहीर झाली, ती मुंबईतल्या दोन ठिकाणी पडताळून घेतल्यावर.

नोएडातच जेपी इन्स्टिट्यूट, ॲमिटी यांसारखे जैवतंत्रज्ञानाचे विभाग आहेत आणि सेक्टर ३९ मध्ये कर्करोग प्रतिबंध व संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. देशात कुठल्याही अशा विभागात येणाऱ्या टॅग-प्रतिपिंडाच्या कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ अशी ओळ असते, आणि त्या ओळीचा व्यवहारातला अर्थ असा की उत्पादकाबाहेर ती कोणी तपासलेली नाही. हा कुणा एका संस्थेचा दोष नाही, जगभरची रीत तीच आहे. पण आपल्याकडे तिला एक जास्तीचा पदर आहे. उत्पादकाचे प्रमाणपत्र कारखान्यातून निघालेल्या कुपीबद्दल असते, हातात पडलेल्या कुपीबद्दल नसते. मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडणाऱ्या शहरात कुपी फ्रिजमध्ये पोचेपर्यंत वाटेत तिचे काय झाले, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. विकर जोडलेले प्रतिपिंड उष्णतेने मंदावते आणि फायकोएरिथ्रिनसारख्या लेबलाचे गोठण्याने नुकसान होते. म्हणून आपल्या प्रयोगशाळेत, आपल्या पेशींवर केलेली पडताळणी इथे अधिकच गरजेची आहे.

७. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: प्रतिपिंड मोनोक्लोनल आहे, म्हणजे एकजिनसी आहे, मग शंका कशाला? यात शब्दाची गल्लत आहे. मोनोक्लोनल हे उगमाचे वर्णन आहे, अचूकतेची हमी नाही. एकजिनसी प्रतिपिंडही दोन वेगळ्या प्रथिनांवरचा सारखा आकार पकडू शकते. आणि उगमही नेहमी शुद्ध नसतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १८५ हायब्रिडोमांपैकी ५९, म्हणजे जवळजवळ ३२ टक्के, एकाहून अधिक प्रकारच्या जड किंवा हलक्या साखळ्या बनवताना आढळले.

दुसरा आक्षेप: ही प्रतिपिंडे हजारो शोधनिबंधांत वापरली गेली आहेत, ती चुकीची असती तर आजवर कळले नसते का? नेहमी कळतेच असे नाही. २०२३ मध्ये ६५ प्रथिनांसाठीची ६१४ व्यापारी प्रतिपिंडे, ते ते जनुक काढून टाकलेल्या पेशींवर तपासली गेली. आपले लक्ष्य ओळखू न शकणाऱ्या प्रतिपिंडांनी दिलेली माहिती प्रत्येक प्रथिनामागे सरासरी सुमारे १२ शोधनिबंधांत छापलेली निघाली. ती प्रतिपिंडे टॅगची नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, आणि टॅगची प्रतिपिंडे सरासरीने अधिक भरवशाची असतात हेही मान्य. पण धडा उदाहरणांच्या संख्येबद्दलचा आहे. एकाच न तपासलेल्या गृहीतकाची हजारदा पुनरुक्ती झाली म्हणून ते हजारदा सिद्ध झाले असे होत नाही. शिवाय २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने प्रतिपिंड पडताळण्याचे जे पाच मार्ग सुचवले, त्यांतला एक टॅग लावलेल्या प्रथिनाचाच आहे. टॅग इतरांना प्रमाणपत्र देणार असेल, तर त्याची स्वतःची कागदपत्रे आधी चोख हवीत.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: अनुदान तुटपुंजे, परदेशी कुप्या महाग, त्यात कंट्रोलची चैन कोण करणार? खर्चाचा हिशेब मांडून पाहावा. विपक्ष म्हणजे टॅग न घातलेल्या त्याच पेशी फोडून काढलेला अर्क, म्हणजे लायसेट. त्याला नवी कुपी लागत नाही, दहा खाचांच्या जेलमध्ये एक खाच, म्हणजे एक लेन, लागते. लेबलाचा कंट्रोल म्हणजे प्रतिपिंड न घालता चालवलेली एक पट्टी. महागडी गोष्ट वेगळीच आहे: खोट्या बँडमागे गेलेली विद्यार्थ्याची दोन वर्षे. गरीब प्रयोगशाळेला चूक श्रीमंत प्रयोगशाळेपेक्षा जास्त महाग पडते, म्हणून कंट्रोलची गरजही तिलाच जास्त आहे.

चौथा आक्षेप: औषधांचे कायदे संशोधनावर लादले तर कल्पकता गुदमरेल. मी कायदा मागत नाही. किटचा निर्णय रुग्णाच्या शरीरावर होतो, संशोधनातल्या प्रतिपिंडाचा गृहीतकावर होतो, आणि दोन्हींना एकच दंड लावणे अविचाराचे ठरेल. मी मागतो ती तर्काची समानता आहे. परवाना वेगळा असू शकतो, पण अनुमानाचे नियम सेक्टर बदलला म्हणून बदलत नाहीत.

पाचवा आक्षेप: नवी तंत्रे हा प्रश्नच मिटवतील. काही अंशी खरे. वस्तुमान वर्णपटमिती प्रथिनाचे तुकडे मोजून तिसरे पाऊल भक्कम करते. हिरवे चमकणारे प्रथिन थेट जोडले तर प्रतिपिंडाचीच गरज उरत नाही. पण ते सुमारे २७ किलोडाल्टनचे ओझे आहे, आठ अमिनो आम्लांच्या टॅगहून कितीतरी जड, आणि चौथे पाऊल त्याने अधिकच डळमळते. जनुकाच्या मूळ जागीच टॅग बसवला तर प्रमाण नैसर्गिक राहते, तरी पहिली दोन पावले तशीच उरतात. तंत्र बदलले की कच्ची कडी सरकते, साखळी नाहीशी होत नाही.

८. करण्याजोगे

यातून निघणारी कामे साधी आहेत. प्रत्येक ब्लॉटमध्ये टॅगविरहित पेशींची लेन असावी आणि ती कापून न टाकता छापली जावी. प्रतिपिंडाचा केवळ उत्पादक न लिहिता क्लोनचे नाव आणि लॉट क्रमांकही लिहावा. नव्या लॉटची तुलना जुन्याशी करावी. महत्त्वाचा निष्कर्ष एकाच टॅगवर टांगू नये: दुसऱ्या टोकाला दुसरा टॅग लावून तेच दिसते का ते पाहावे, आणि ‘प्रथिन नाहीसे झाले’ असा दावा असेल तर ही तपासणी सक्तीची मानावी. शक्य तिथे हायब्रिडोमाऐवजी ज्याचा अमिनो आम्लांचा क्रम जाहीर आहे असे पुनर्संयोजित प्रतिपिंड घ्यावे. किट तपासताना जसा रक्तद्रवांचा प्रमाणित संच लागतो, तसा टॅग असलेल्या आणि नसलेल्या लायसेटांचा छोटा संच दिल्ली परिसरातल्या विभागांनी एकत्र येऊन बनवला आणि वाटून घेतला, तर प्रत्येक नवी कुपी एका दिवसात पारखता येईल. सर्वांत महत्त्वाचे काम शिक्षणाचे आहे. आज एमएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये बँड आला की गुण मिळतात. त्याऐवजी विद्यार्थ्याला विचारावे की हा बँड तुझ्या प्रथिनाचा नाही असे मी म्हटले, तर मला खोटे कसे पाडशील? या प्रश्नाचे उत्तर काळ्या बँडमध्ये सापडत नाही. ते शेजारच्या कोऱ्या लेनमध्ये असते, आणि ती लेन विद्यार्थ्याने आधीच चालवलेली असावी लागते.